बिल्ड फोल्डर उडव आणि परत कर

कुठल्याही सॉफ्टवेअर कंपनीत जा, दिवसातून निदान तीनदा हे वाक्य कानावर पडतंच. कोणीतरी खुर्ची मागे सरकवून विचारतो, "अरे, माझ्याकडे बिल्ड होत नाहीये, तुझ्याकडे होतोय का?" आणि पलीकडून मान वर न करता उत्तर येतं, "बिल्ड फोल्डर उडव आणि परत कर." तो उडवतो. चहा पिऊन येतो. बिल्ड झालेला असतो. सगळे खूश.

मी स्वतः हे वाक्य गेली पंधराएक वर्षं इमानेइतबारे म्हणत आलोय. आज शनिवार आहे, बाहेर पाऊस आहे, बायको माहेरी गेली आहे, तेव्हा म्हटलं, त्याच्याविरुद्ध लिहून टाकावं.

गैरसमज नको. फोल्डर उडवू नका, असं मी म्हणत नाही. उडवा की, तुमचंच फोल्डर आहे. माझी तक्रार आहे ती न बघता उडवण्याबद्दल. एक म्हणजे पुरावा जातो. कॉन्फिगर का रुसलं होतं, कुठलं जुनं उत्तर धरून बसलं होतं, ते सगळं त्या फोल्डरबरोबर कचऱ्यात. परत महिन्याभराने तेच होणार, परत तेच उत्तर. आणि दुसरं, जास्त वाईट म्हणजे, आपण जे उडवलं ते उडवायला हवं होतं तेच, ह्याची काही खात्री नसते. माझ्या बाबतीत नेमकं हेच झालं. त्या गोष्टीवर येतोच, पण आधी थोडी पूर्वपीठिका लागेल.

बिल्ड करताना आपल्याला वाटतं की कंपायलर आहे, कोड आहे, बस्स. पण मध्ये बरीच मंडळी काहीबाही लक्षात ठेवून बसलेली असतात. (कॅश म्हणजे रोख रक्कम नव्हे, हे माझ्या वडिलांसाठी. ते हे वाचतात.) पहिला लक्षात ठेवणारा म्हणजे कॉन्फिगर करणारा. ऑटोकॉन्फची स्क्रिप्ट असो की सीमेक, बिल्डच्या आधी तो तुमच्या मशीनची उलटतपासणी घेतो. कंपायलर कुठला? तो कुठे आहे? अमुक हेडर आहे का? लाँग किती बाइटचा? ह्या चौकशीला वेळ लागतो, म्हणून उत्तरं लिहून ठेवली जातात.

मी सात वर्षांचा असताना मावशीकडे एकदा कारल्याची भाजी तोंडातून बाहेर काढली होती. आता चाळिशी उलटली, कारलं मला मनापासून आवडतं, पण मावशीकडे पंगतीला बसलो की कारल्याचं पातेलं माझ्या ताटावरून सरळ पुढे सरकतं. "त्याला नाही आवडत." विचारायचा प्रश्नच नाही. सीमेककॅश.टीएक्सटी नावाची जी फाइल बिल्ड फोल्डरमध्ये असते ना, ती म्हणजे माझी मावशी.

समजा कॉन्फिगर चालवलं आणि ते म्हणालं, अमुक हेडर नाही. तुम्ही शहाण्यासारखं पॅकेज बसवलं, पुन्हा चालवलं. तरी म्हणतं नाहीच. ह्यात गंमत अशी की सीमेक सगळ्याच नकारांना सारखं वागवत नाही. लायब्ररी शोधताना ती सापडली नाही तर 'नॉटफाउंड' असं लिहून ठेवतो, पण पुढच्या वेळी पुन्हा शोधतो. पण "हे हेडर कंपाइल होतं का" अशी जी चाचणी असते तिचा निकाल, होकार असो की नकार, एकदा लागला की लागला. ती ओळ खोडेपर्यंत तो तुम्हाला पुन्हा विचारणार नाही. म्हणजे एकाच फाइलीत काही उत्तरं ताजी, काही शिळी, आणि बाहेरून बघणाऱ्याला फरक कळत नाही. मग त्याने फोल्डर उडवलं तर त्याला तरी काय बोलणार?

ऑटोकॉन्फ ह्या बाबतीत मला जास्त आवडतो. म्हातारा आहे, बोलतो फार, पण सज्जन आहे. एक तर तो मुळात काही लक्षातच ठेवत नाही. उत्तरं जपायची असतील तर 'वजा मोठा सी' असं मुद्दाम सांगावं लागतं, मग तो कॉन्फिग.कॅश नावाची फाइल करतो. आणि ती केल्यावर तुम्ही गुपचूप कंपायलर बदललात, म्हणजे मागच्या वेळी सीसी ह्या व्हेरिएबलमध्ये जीसीसी होता आणि आता क्लँग दिलात, तर तो सरळ काम थांबवतो. मागच्या वेळी हे होतं, आता हे आहे, अशाने बिल्ड बिघडेल, फाइल पुसा आणि पहिल्यापासून या. कोणी म्हणेल कटकट आहे. मला विचाराल तर लक्षात ठेवणाऱ्याने असंच वागावं.

सीमेकला त्याच फोल्डरमध्ये दुसरा कंपायलर दिलात तर तो थांबत नाही. आपणच आपली वही फाडतो, पुन्हा कॉन्फिगर करतो आणि जाता जाता एक ओळ टाकतो की तुम्हाला काही व्हेरिएबल्स पुन्हा द्यावी लागतील. ती ओळ शंभर ओळींच्या पुरात वाहून जाते. आमच्याकडे एकदा ह्यात बिल्ड टाइप 'रिलीज' होता तो गेला आणि कुठलंच ऑप्टिमायझेशन नसलेलं बायनरी दोन दिवस टेस्टिंगला फिरत होतं. टेस्टर बिचारा सांगत होता स्लो आहे, आम्ही म्हणत होतो तुझा लॅपटॉप जुना आहे. असो.

सुदैवाने सीमेकच्या ३.२४ आवृत्तीपासून, म्हणजे २०२२ पासून, 'फ्रेश' नावाचा पर्याय आला आहे. तो कॉन्फिगरची वही टाकून नव्याने विचारतो. पूर्ण फोल्डर उडवण्यापेक्षा हे केव्हाही बरं. पण ज्यांना ज्यांना मी हे सांगितलं, त्यातले निम्मे "बरं" म्हणाले आणि पुन्हा फोल्डरच उडवलं. बोटांना सवय झालेली असते.

आता दुसरी कॅश. ही बिल्ड फोल्डरमध्ये नसतेच, हे आधी लक्षात घ्या.

अँड्र्यू ट्रिजेल हे नाव तुम्ही सांबा आणि आरसिंकमुळे ऐकलं असेल. त्याने २००२ मध्ये सीकॅश लिहिला. मूळ कल्पना एरिक थिले ह्याच्या कंपायलरकॅश नावाच्या शेल स्क्रिप्टची. ट्रिजेलने तीच सी मध्ये लिहून वेगवान केली. २०१० पासून योएल रोसडाल ते सांभाळतो. कल्पना इतकी साधी की आपल्याला का सुचली नाही असं वाटावं. एखादी फाइल कंपाइल करायच्या आधी बघायचं, हाच कोड, हेच फ्लॅग, हाच कंपायलर, असं काम आधी कधी केलं होतं का? केलं असेल तर तेव्हाची ऑब्जेक्ट फाइल काढून द्यायची, कंपायलरला उठवायचंच नाही.

इंजिनियरिंग केलेल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. सबमिशनच्या आदल्या रात्री आपण काय करायचो? सिनियरची जर्नल आणायचो. प्रयोग क्रमांक सात, तोच प्रयोग, तेच टेबल, तीच रीडिंग्ज. उतरवून काढलं की झालं. प्रयोगशाळेला उठवायचंच नाही. :)

आणि ही पद्धत बहुतेक वेळा चालते, हेही खरं. फसते कधी? कॉलेजने मधल्या काळात उपकरण बदललेलं असेल तेव्हा. प्रयोगाचं नाव तेच, पण व्होल्टमीटर नवा, रेंज वेगळी. मग मॅडम विचारतात, "ही रीडिंग्ज तुम्ही घेतली?" आपण म्हणतो हो, आणि मग पुढचं सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे नक्कल करताना नुसता प्रयोग क्रमांक जुळवून भागत नाही. उत्तर ज्या ज्या गोष्टींवर अवलंबून आहे, ती प्रत्येक गोष्ट जुळली पाहिजे. कॅशचं सगळं बरंवाईट ह्या एका वाक्यात आहे.

सीकॅश हे बऱ्यापैकी इमानदारीने करतो. कोड, त्यात येणारी हेडरं, कमांडवरचे फ्लॅग, ह्या सगळ्याचा मिळून एक हॅश काढतो (पूर्वी एमडी४ वापरायचा, आता ब्लेक३). कंपायलर तोच आहे का, हे मात्र तो मुळापासून तपासत नाही. कंपायलरच्या फाइलीचा आकार आणि ती शेवटची कधी बदलली ती वेळ, एवढंच हॅशमध्ये घालतो. का? तर प्रत्येक फाइलीसाठी पूर्ण कंपायलर वाचत बसायचं तर वेग कसला? ठरवलं तर हे बदलता येतं. कंपायलरचेक नावाचं सेटिंग आहे. त्यात कंपायलरचं पूर्ण पोट तपासायला सांगता येतं, एखादी कमांड चालवून तिचं उत्तर धरायला सांगता येतं, किंवा काहीच तपासू नको असंही सांगता येतं. शेवटचा पर्याय ज्यांनी वापरला आहे त्यांनी कृपया मला भेटावं, मला त्यांच्याशी बोलायचं आहे.

कॉन्फिगरच्या वेळी ह्या दोन कॅशा एकमेकींच्या पायात येतात, ते प्रकरण वेगळंच. डेबियन-उबुंटूवर सीकॅश बसवला की एक फोल्डर तयार होतं, त्यात जीसीसी, सीसी अशा नावांच्या सिमलिंक असतात आणि सगळ्या सीकॅशकडेच बोट दाखवतात. ते फोल्डर पाथमध्ये पहिलं ठेवलं की झालं, जीसीसी म्हणून हाक मारली तर सीकॅश येतो आणि मग खऱ्या जीसीसीला शोधून काढतो. वेषांतरच म्हणा ना. छान चालतं. (बॅश शेलला जुना पत्ता पाठ असतो, ती तिसरी कॅश. 'हॅश वजा आर' म्हटलं की विसरतो.)

आता समजा अशा मशीनवर तुम्ही सीमेक चालवला. त्याने कंपायलर शोधला, त्याला सीकॅशची सिमलिंक मिळाली, तिचा पूर्ण पत्ता त्याने आपल्या वहीत लिहून ठेवला. पुढे महिन्याभराने टीममधल्या कोणीतरी चांगल्या हेतूने प्रोजेक्टमध्ये 'कंपायलर लाँचर सीकॅश' अशी ओळ घातली. ही सोय सीमेक ३.४ मध्ये, २०१५ साली आली, आणि खरं तर तीच योग्य पद्धत. पण आता कमांड काय झाली? सीकॅशला सांगितलं, कंपायलर चालव, आणि कंपायलरचा पत्ता म्हणून पुन्हा सीकॅशचाच पत्ता दिला. नुसतं जीसीसी म्हटलं असतं तर तो पाथमध्ये स्वतःला वगळून खरा जीसीसी शोधतो. पण पूर्ण पत्ता हातात दिल्यावर तो शोधाशोध करत नाही. तिथे जातो, बघतो तर आरशात स्वतःच. मग 'रिकर्सिव्ह इन्व्होकेशन' असं म्हणून हात वर करतो.

कॉन्फिगर गुण्यागोविंदाने पार पडतं आणि पहिल्याच फाइलीवर मेक आपटतो. जो तो एरर गूगल करतो, सीकॅशचं व्हर्जन बदलतो, उडवून पुन्हा बसवतो. आणि फोल्डर उडवून पुन्हा केलं तर? तरी तेच! कारण पाथ तोच आहे, सीमेक पुन्हा तीच सिमलिंक शोधणार. इथे मात्र आमचं रामबाण वाक्य निकामी ठरतं. उपाय एका मिनिटाचा आहे: पाथमधलं वेषांतर काढा नाहीतर लाँचर काढा, दोन्ही नकोत, आणि मग कॉन्फिगरची वही नव्याने लिहा. पण त्यासाठी कमांड पूर्ण छापून वाचावी लागते. मेकला 'व्हर्बोज' म्हटलं की छापतो. वाचणारे किती?

तर आता ती गोष्ट.

कंपनीचं नाव सांगत नाही. मी तिथे बिल्डचा माणूस होतो, म्हणजे रीतसर पद नव्हतं, पण बिल्ड तुटला की सगळे माझ्याकडे बघायचे. आम्ही कारखान्यातल्या यंत्रांवर बसणाऱ्या एका छोट्या कंट्रोलरचं सॉफ्टवेअर करायचो. तक्रार अशी होती की दर काही तासांनी एखादं रीडिंग वेडंवाकडं यायचं. एकदाच, मग परत ठीक. तीन सिनियर लोकांनी त्यावर हात टेकले होते आणि ते काम एका नव्या मुलीकडे ढकललं गेलं, जशी अशी कामं ढकलली जातात. दीड वर्षाचा अनुभव असेल तिला. ती तीन आठवडे असेंब्ली वाचत बसली. आणि तिने शोधून काढलं की आमचा कोड बरोबर आहे, कंपायलर चुकतोय. ऑप्टिमायझेशन चालू असलं की एका विशिष्ट प्रकारचा लूप तो चुकीचा उतरवत होता. पुढच्या आवृत्तीत ते दुरुस्तही झालेलं होतं.

"कंपायलरचा बग आहे" असं दीड वर्ष अनुभवाचं माणूस म्हणालं की मीटिंगमध्ये जी शांतता पसरते, ती तुम्हाला ठाऊक असेलच. पण तिची तयारी पक्की होती. नवीन टूलचेन घ्यायचं ठरलं. तिनेच बसवलं. तिच्या मशीनवर बग गेला. बिल्ड सर्व्हरवर बिल्ड केला, साइटवर पाठवला.

बग तिथेच.

मग मीटिंग. "म्हणजे तुझं निदान चुकलं." "नाही सर, माझ्या मशीनवर आता होत नाहीये." ह्यावर सगळे हसले. 'माझ्या मशीनवर चालतं' हा आमच्या धंद्यातला सगळ्यात जुना विनोद आहे, कपांवर छापून मिळतो. मीही हसलो. मग कोणीतरी म्हणालं, बिल्ड सर्व्हरवर फोल्डर उडवा आणि परत करा. उडवलं. परत केला. बग तिथेच. आणखी एकदा उडवलं. तेच. झालं, निकाल लागला. लीडसाहेबांनी तिला सांगितलं की आपला कोड पुन्हा एकदा नीट बघ.

संध्याकाळी ती माझ्या डेस्कपाशी आली आणि म्हणाली, "सर, एक विचारू? कंपायलर नवा आहे ना? मग सर्व्हरवर फोल्डर उडवल्यावर पूर्ण बिल्ड चार मिनिटांत कसा होतो? माझ्याकडे पन्नास मिनिटं लागली."

चार मिनिटं! आम्ही सगळ्यांनी ते बघितलं होतं. तीन वेळा. सर्व्हर चांगला आहे म्हणून कौतुकही केलं होतं. नव्या कंपायलरने पहिल्यांदा होणारा बिल्ड चार मिनिटांत होऊच शकत नाही, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. त्या सर्व्हरवर सीकॅश मीच बसवला होता, दोन वर्षांपूर्वी. त्याबद्दल मला एक छोटंसं बक्षीसही मिळालं होतं.

आम्ही दोघं बसलो. आधी सीकॅशचे आकडे बघितले, जवळजवळ सगळे हिट. मग तिने ऑब्जेक्ट फाइली उघडायला सुरुवात केली. जीसीसी प्रत्येक ऑब्जेक्ट फाइलीत 'कॉमेंट' नावाच्या कप्प्यात आपली आवृत्ती लिहून ठेवतो, रीडएल्फने ती वाचता येते. गेल्या काही दिवसांत बदललेल्या फाइलींवर नवीन आवृत्ती. बाकी सगळ्यांवर जुनी. एकाच बायनरीत दोन कंपायलर नांदत होते, आणि नेमकी तो लूप असलेली फाइल कोणी कित्येक महिन्यांत उघडली नव्हती.

सीकॅशला कंपायलर बदललेला कळला कसा नाही? तर आम्ही खरा कंपायलर थेट बोलावतच नव्हतो. मध्ये एक तीन ओळींची शेल स्क्रिप्ट होती. ती काही पाथ सेट करायची आणि 'करंट' नावाच्या सिमलिंकमधून खऱ्या कंपायलरला पुढे करायची. टूलचेन बदलताना फक्त 'करंट'चं बोट नव्या फोल्डरकडे वळवलं, स्क्रिप्टला कोणी हात लावला नाही. सीकॅशच्या लेखी कंपायलर म्हणजे ती स्क्रिप्ट. तिचा आकार तोच, तारीख तीच. म्हणजे कंपायलर तोच! सीकॅशला थेट सिमलिंक दिली असती तर तिच्यामागची खरी फाइल बघितली गेली असती आणि आम्ही वाचलो असतो. पण स्क्रिप्टच्या पोटात शिरून ती पुढे कोणाला बोलावते हे तो बघत नाही. त्याने का बघावं?

बरं, हेडरवरून तरी कळायला हवं होतं. नव्या कंपायलरची स्वतःची हेडरं वेगळ्या फोल्डरमध्ये असतात. इथे आमचं नशीब आणखी खोटं. सीकॅशचा एक 'डायरेक्ट मोड' आहे, २०१० च्या ३.० आवृत्तीपासूनचा, आणि तोच नेहमी चालू असतो. त्यात तो प्रीप्रोसेसरसुद्धा चालवत नाही. मागच्या वेळी कुठली हेडरं लागली होती त्याची यादी काढतो, त्या फाइली अजून तशाच आहेत का बघतो, असतील तर जुनी ऑब्जेक्ट फाइल देतो. आणि जुनं टूलचेन आम्ही डिस्कवर तसंच ठेवलं होतं. असू दे, कधी लागलं तर. म्हणजे यादीतली जुनी हेडरं जागच्या जागी, अक्षरही न बदललेली. पुसून टाकलं असतं तर यादी जुळली नसती आणि सगळं नव्याने कंपाइल झालं असतं. घरात जुन्या वस्तू जपणाऱ्या माणसाला हा न्याय पचायला जड जातो.

ती तीन ओळींची स्क्रिप्ट कोणी लिहिली होती, हे तुम्ही ओळखलं असेलच.

दुरुस्ती काय केली ते सांगतो, कारण तिथेही मी एकदा घसरलो. माझ्या मनात पहिल्यांदा आलं की कंपायलरचेकला 'कंटेंट' सांगू, पूर्ण पोट तपासू दे. ती म्हणाली, "सर, पण स्क्रिप्टचं पोटही बदललं नाहीये." बरोबर होतं. मग 'कंपायलरला वजा व्ही देऊन विचार' अशी कमांड दिली. स्क्रिप्ट ते खऱ्या कंपायलरपर्यंत पोचवते आणि तो आपली आवृत्ती आणि जन्मकुंडली सांगतो. शिवाय खऱ्या कंपायलरची मूळ फाइल 'ह्याही फाइली हॅशमध्ये धर' ह्या यादीत टाकली, म्हणजे आवृत्तीचा आकडा न बदलता कोणी आत काही ठिगळ लावलं तरी कळावं. मग कॅश पूर्ण रिकामी केली आणि पन्नास मिनिटं दोघंही स्क्रीनकडे बघत बसलो. बग गेला.

मी तिला सॉरी म्हणालो. कँटीनमध्ये. हसलो होतो मात्र मीटिंगमध्ये, अकरा जणांसमोर. लीडला मेल टाकला, त्यात "बिल्ड सर्व्हरवरील कॅशसंबंधी तांत्रिक अडचण दूर केली" असं लिहिलं. कोणाची अडचण, कोणी शोधली, काही नाही. तेव्हा ते मला सभ्यपणाचं वाटलं होतं. सहा-सात महिन्यांनी ती दुसरीकडे गेली, चांगल्या पगारावर गेली, माझ्यामुळे गेली असं काही नाही. पण त्या मेलचा मसुदा मी आज वेगळा लिहिला असता.

माझं मत ह्या सगळ्यातून असं झालंय की ग्राहकाकडे जाणारा बिल्ड कॅशशिवायच झाला पाहिजे. एका व्हेरिएबलने सीकॅश बंद होतो. 'रीकॅश' नावाचा त्याहून छान प्रकार आहे: जुनी उत्तरं वापरायची नाहीत, पण नवी मात्र साठवायची. पन्नास मिनिटं लागतात तर लागू देत. रोजच्या कामाला मात्र कॅश हवीच. जे लोक ती पूर्णच बंद करा म्हणतात त्यांनी दिवसाला वीस वेळा पन्नास मिनिटं थांबून दाखवावं. आणि कधीमधी कॅशवाला बिल्ड नि कॅशशिवायचा बिल्ड शेजारी ठेवून बाइट न् बाइट ताडून बघावा. कोडमध्ये तारीख-वेळ छापणारे मॅक्रो असतील तर ते जुळणार नाहीत, पण तेवढ्यासाठी ते काढून टाकलेलेच बरे. सीकॅशमध्ये जिथे जिथे तपासणी ढिली करायची सोय आहे, तिच्या सेटिंगचं नाव त्यांनी 'स्लॉपीनेस' ठेवलं आहे, म्हणजे गबाळेपणा. इतकं प्रामाणिक नाव मी दुसऱ्या कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये पाहिलेलं नाही. गबाळेपणा चालू करायचा तर निदान ते लिहून करावं लागतं.

आणि कोणी येऊन म्हणालं की माझ्याकडे बिल्ड होत नाहीये, तर मी हल्ली विचारतो, नेमका कुठे अडलाय? कॉन्फिगरला की कंपाइलला? कमांड पूर्ण छापून बघितलीस? लोकांना ह्याचा कंटाळा येतो. परवा एकजण अर्ध्यातच "जाऊ दे, मी फोल्डर उडवतो" म्हणून निघून गेला. त्याचा बिल्ड झालासुद्धा, पाच मिनिटांत. मी त्याच्या मागे जाऊन विचारलं, किती वेळ लागतो एरवी? तो म्हणाला, "अर्धा तास. का रे?"